ताटावरचं झाकण

“मॅडम, गोष्ट नका वाचू. उत्तरं सांगा, मी पाठ करते.”

सुनंदाताईंनी गाइड माझ्यापुढे सरकवलं. अंबडच्या एका कारखान्यात त्या तयार पार्ट तपासतात. तिथे लाइन सुपरवायझरची जागा रिकामी होणार होती, पण दहावी पास हवी. बाहेरून दोनदा परीक्षा दिली. बाकीचे विषय सुटले, मराठी राहिलं.

“मराठीत नापास! घरात पोरं हसतात मला.”

मी गंगापूर रोडच्या शाळेत मराठी शिकवते. रविवारी सकाळी सुनंदाताईंसारख्या कामगार बायकांचा वर्ग घेते. गाइड मी पिशवीत टाकलं. “परीक्षेत न वाचलेला उतारा येतो, ताई. तो कुठून पाठ करणार?”

मग ‘थिंक अलाउड’ सुरू केलं. म्हणजे वाचताना डोक्यात येईल ते तोंडाने बोलायचं. काय कळलं, कुठे अडलं, पुढे काय होईल असं वाटतं, सगळं. आधी शिक्षकाने करून दाखवायचं.

गोष्ट जुनी, नावाजलेली. एकटी राहणारी म्हातारी रोज संध्याकाळी दोन ताटं वाढते. एकात जेवते, दुसरं समोर उघडं ठेवते. मी वाचता वाचता बोलले, “दोन ताटं का? मुलगा यायचा असेल. ही वाट बघतेय.”

“नाय मॅडम,” सुनंदाताई म्हणाल्या. “कोणी यायचं असलं की ताट झाकून ठेवतो आपण. हिनं उघडं ठेवलंय. कोणी येणार नाय, हे म्हातारीला ठाऊक हाय.”

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. ही गोष्ट मी वीस वर्षं शिकवतेय. झाकणाचा विचार मी एकदाही केला नव्हता.

“बरोबर. मी चुकले,” मी म्हणाले.

बायका खूश. मॅडम चुकल्या म्हटल्यावर प्रत्येकीला तोंड फुटलं.

सुनंदाताई म्हणाल्या, “हे तर मी रोज करते. पार्ट हातात घेतला की बोलते. कड बरोबर, भोक बरोबर, इथं चरा हाय.”

“मग तसंच वाचा.”

परीक्षेपर्यंत त्यांनी तसंच वाचलं. मराठीच्या पेपरानंतर त्यांचा फोन आला.

“मॅडम, दोनदा ओरडा बसला. उतारा वाचताना बोलत होते.”

“मोठ्याने?”

“तुम्हीच शिकवलं ना! वर्गावरचे सर म्हणाले, आता आवाज आला तर पेपर काढून घेईन.”

मी विचारलं, “मग?”

“मग काय, ओढणी दातात धरली अन् वाचलं.”

त्या पास झाल्या. सुपरवायझरची जागाही त्यांनाच मिळाली. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आल्या आणि गाइड परत मागितलं, रद्दीत घालायला.

मी विचार मोठ्याने करायला शिकवलं, मनात करायला शिकवायचं राहून गेलं. आता परीक्षेआधीचे दोन रविवार आम्ही तोंड मिटून वाचतो.