डाव्या आरशातला दिवा

गाडीच्या ढुंगणावर पंख कशाला लागतो, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. आमचे हे ओझरच्या कारखान्यात आयुष्यभर विमानांच्या पंखांशी झटले आणि निवृत्त झाल्यावर पंखवाली लाल गाडी घेऊन आले. मी म्हटलं, जाऊ दे, हौसेला मोल नाही. बसायला इतकी खाली की उतरताना माझे गुडघे देवाचं नाव घेतात. खड्ड्यातून गेली की पाठीचा मणका न् मणका वेगळा कळतो. पण ह्यांचा जीव तिच्यात होता, म्हणून मी तोंड मिटून बसायचे.

यंदा पावसाळ्यात ह्यांना मेंदूचा छोटासा झटका आला. काही दिवस दवाखान्यात काढून घरी आले. हात-पाय ठीक, बोलणं ठीक, जीभ तर आधीपेक्षा तिखट. डॉक्टर म्हणाले, गाडी सध्या नको. पुढच्या तपासणीला हे मला बाहेर बाकड्यावर बसवून एकटेच आत गेले. बाहेर आले आणि म्हणाले, "झालं. मोकळा." मी घरी येऊन देवापुढं साखर ठेवली.

पाठोपाठ लाल गाडीच्या डाव्या दरवाजावर हा एवढा ओरखडा उठला, पार्किंगच्या खांबाचा. दोष कुणाचा, तर खांबाचा. सोसायटीनं त्याला पिवळे पट्टे मारायला नकोत का, म्हणून हे वॉचमनशी भांडून आले. आणि त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "ही आता देऊन टाकू. हिचंच नवीन मॉडेल आलंय. त्यात सगळं आहे."

झालं. घरात उठता-बसता तोच विषय. मोबाइलवर कुणीतरी दाढीवाला गाडीभोवती प्रदक्षिणा घालत ओरडतोय आणि हे चहा गार करून ऐकताहेत. नवीन काय, तर पुढचे दिवे बारीक झाले. म्हणजे आधीची गाडी डोळे वटारायची, ही डोळे बारीक करून बघते. पडदा मोठा झाला. सीटला लाल दोऱ्याची शिवण आली. इंजिनाचा आवाज पुरेसा रांगडा वाटत नाही म्हणून तो स्पीकरमधून सोडतात म्हणे. मी म्हटलं, खोकला येत नाही म्हणून खोकल्याची टेप लावण्यातला प्रकार आहे हा. ह्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही.

आणि खरी मेख म्हणजे ती मदतनीस यंत्रणा. गाडी स्वतः ब्रेक मारते, स्वतः लेन धरते, बाजूला कुणी आलं की आरशात दिवा लावते. लेन धरते! आधी द्वारका चौकातल्या गर्दीत मला लेन दाखवा, मग गाडीनं ती धरली का ते बघू. "विमानाला ऑटोपायलट चालतो, मग गाडीला का नको?" हे विचारायचे. विमानापुढं म्हैस येत नाही, असं मी सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच दिवसांत ह्यांनी माझी चटणी टाकायला सुरुवात केली. आमच्याकडं ताट वाढायची रीत ठरलेली आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडं, भाजी-आमटी उजवीकडं. जेवण झालं की उजवी बाजू चाटूनपुसून लख्ख आणि डावीकडचं जसंच्या तसं. शेंगदाण्याची चटणी, खलबत्त्यात कुटलेली. याच चटणीपायी हा माणूस एक भाकरी जास्त खायचा. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी करून, घरी येऊन ती कुटली आहे. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आवडत नसेल तर सरळ सांगा ना," मी म्हटलं.

"काय?"

"चटणी."

"कुठली चटणी?"

इतका साळसूद चेहरा. मला वाटलं, गाडीवरून बोलते त्याचं उट्टं काढताहेत. मीही हट्टाला पेटले. रोज तितकीच चटणी त्याच जागी वाढायची आणि रोज ती उचलून ठेवताना भांडी आपटायची. आमच्यात पंधरवडाभर असंच चाललं होतं.

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी दारात हवी, म्हणून हे मला शोरूमला घेऊन गेले. रिक्षानं गेलो. जुनी गाडी ओरखड्यासकट दाखवायची ह्यांना लाज वाटत होती. तिथला टायवाला माणूस म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. "काकू, ही गाडी तुमच्या सरांची तुमच्यापेक्षा जास्त काळजी घेईल." मी म्हटलं, मग पोळ्याही हिलाच लाटायला सांगा. तो हसला. त्याला हसायचाच पगार होता.

चालवून बघायला निघालो. हे स्टिअरिंगवर, शेजारी डावीकडं मी आणि मागं तो टायवाला पाय दुमडून कोंबलेला. हायवेच्या बाजूच्या रस्त्यानं पाथर्डी फाट्याकडं लागलो. ह्यांचा चेहरा खुलला होता, ते मला दिसत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते बघून बरंही वाटलं. तेवढ्यात टोमॅटोच्या क्रेटनी भरलेला टेम्पो माझ्या बाजूनं पुढं यायला लागला. डाव्या आरशात पिवळा दिवा लागला. हे तसेच डावीकडं घेत राहिले. दिवा लुकलुकायला लागला, गाडी किंचाळायला लागली. टेम्पोचा ड्रायव्हर माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर होता, त्याच्या तोंडातला घास मला दिसला. मग स्टिअरिंगनं आपणहून हिसका दिला आणि गाडी उजवीकडं सरकली.

"बघितलंत काकू?" मागून तो आनंदानं म्हणाला. "वाचवलं की नाही?"

हे मात्र शांत होते. दचकलेले नाहीत, ओशाळलेले नाहीत. मलाच विचारलं, "का ओरडतेय ही?"

"टेम्पो होता ना," मी म्हटलं.

"कुठला टेम्पो?"

तोच साळसूद चेहरा. तोच आवाज. परत शोरूममध्ये जाऊन हे सांगून आले की उद्या बुकिंग करतो.

घरी आल्यावर मी ताट वाढलं. भरली वांगी, आमटीची वाटी, चटणी, लिंबू, सगळं डावीकडं मांडलं. उजवीकडं फक्त पोळी ठेवली. हे पाटावर बसले, ताटाकडं बघितलं आणि हसले.

"नुसती पोळी? एवढा राग आला गाडीचा?"

मी ताट अर्धं फिरवलं. वांगी त्यांच्या उजव्या हाताशी आली. वाफ निघत होती अजून. ह्यांनी एक वांगं बोटानं चाचपून बघितलं.

"आधीपासून होती?"

"होती. चटणीसुद्धा रोज होती."

मग खाली बघतच बोलले. "डॉक्टर म्हणाले होते, डावीकडचं नजरेतून गेलंय. परत येईल असं नाही. पण मला सगळं दिसतंय असंच वाटतं गं. वाटलं, डॉक्टर घाबरट आहे. आणि समजा असलंच काही, तर मला नाही दिसलं तरी त्या गाडीला दिसेल."

"गाडी दिवा कुठं लावते? डाव्या आरशात. तो तरी दिसला का तुम्हाला?"

मला संताप आला होता. डॉक्टरांचं लपवलं म्हणून नाही. चटणीवरून मी या माणसाशी पंधरा दिवस भांडत होते आणि हा मुकाट ऐकून घेत होता, म्हणून.

"डावीकडं मी बसते," मी म्हटलं. "सप्तपदी झाल्यापासून मी तुमच्या डावीकडंच बसतेय."

ह्यांनी मान वळवली, मला शोधत पार डावीकडं आणली आणि माझ्याकडं बघितलं. मग खिशातून लाल गाडीची किल्ली काढली. बोटांनी ताटाची कड चाचपत ती डावीकडं, जिथं त्यांना पुन्हा दिसणार नव्हती तिथं सरकवून ठेवली.

रीत गेली खड्ड्यात, म्हटलं, आणि चटणी उजवीकडं वाढली.