कोंबलेला घास

उदगीरहून लातूरला जाणाऱ्या बसमध्ये एक अनोळखी बाई माझ्या शेजारी होत्या. माझी तीन वर्षांची लेक आठवडाभर नीट जेवली नव्हती. ती वाळेल या धास्तीनं मी तिचे गाल दाबून वरणभात कोंबत होते. एकदम तिचा श्वास अडकला. बाईंनी तिला झटकन मांडीवर पालथं घेतलं आणि पाठीत थापा मारल्या. घास पडला, लेक रडली. बाईंनी तिला माझ्याकडे दिलं.

"काय वाढायचं ते तुमी बघा," त्या हळू म्हणाल्या. "किती खायचं ते तिला कळतंय. वजन उतरलं तर डॉक्टरला दाखवा, पन कोंबू नका. माझी अशीच गेली."

नळेगावला त्या उतरल्या.

आता मी ताट पुढं ठेवते. कधी ती दोन घासांत उठते. मला भीती वाटते, पण मी तिला धरत नाही.