कावळा शे तो

कावळा हे मानवी आत्म्याचे सर्वांत जुने प्रतीक आहे, असे आमच्या धुळ्याच्या कविमंडळाचे अध्यक्ष दरवर्षी सांगत. दरवर्षी मागच्या खुर्चीतून नाना अहिराणीत म्हणत, "कावळा शे तो."

नाना कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. दुपारी डबा उघडला की भाकरीचा पहिला तुकडा कावळ्यासाठी खिडकीच्या कठड्यावर. एकदा मी तिथेच छत्री वाळत टाकली.

"मिटा ती, भाऊ. काळं पसरलेलं दिसलं की त्याला वाटतं, आपल्यातलाच कोणी मरून पडलाय. जवळ येत नाही मग."

नानांना आयुष्यात एकच कविता लिहायची होती. तिच्यातला कावळा फक्त कावळा असणार होता. वाटते तितके हे सोपे नाही. पहिल्या वर्षी कावळा संध्याकाळी आला. अध्यक्ष म्हणाले, मृत्यू. नानांनी संध्याकाळ काढली. पुढच्या वर्षी तो वाळक्या फांदीवर बसला. अध्यक्ष म्हणाले, शोषित समाज. फांदी गेली. मग तो नुसताच ओरडला, तर अध्यक्षांना कवीचा आक्रोश ऐकू आला.

"नाना, सोडा आता," मी म्हणालो.

"सोडतो ना. आधी त्यांना म्हणा, कावळ्याला सोडा."

जामनेरच्या संमेलनात नाना उभे राहिले, तेव्हा कवितेत एवढेच उरले होते: 'कावळा आला. भाकरी नेली.'

मागून एक म्हातारा ओरडला, "खरं शे, भो!" नानांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात अध्यक्ष माइककडे वाकले, "केवढा हा गूढवाद!"

"बठ्ठा गावले समजी गयं," नाना बसता बसता म्हणाले, "यासलेच समजत नही."

पुढच्या उन्हाळ्यात नाना गेले. दहाव्याला पांझरेच्या काठी पिंडाशेजारी भाकरी ठेवली होती. कावळा बाभळीवरून उतरेना. नानांची इच्छा राहिली असणार, म्हणून अध्यक्ष छत्री धरून पुढे झाले.

"नाना, तुमचा संग्रह आम्ही काढू."

कावळा हलला नाही.

"प्रस्तावना मी स्वतः लिहीन."

कावळा आणखी वरच्या फांदीवर गेला.

"काका," नानांची मुलगी म्हणाली, "छत्री मिटी ल्या. तेले भ्याव वाटस."

अध्यक्षांनी छत्री मिटली. कावळा खालच्या फांदीवर उतरला. अध्यक्ष हात जोडून, डोळे पुसत माझ्याकडे वळले. "बघा, प्रस्तावनेचं पटलं त्यांना."

कावळा आला. भाकरी नेली.