सुरतचा भाऊ भांडत का नाही?

"आखाजीला ये," असा अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी धाकट्या भावाचा, सुनीलचा, सुरतहून फोन आला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. काही वर्षांपूर्वी मला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा याच्याच मूळ पेशींनी मी वाचले. माझा रक्तगटसुद्धा आता त्याचाच आहे. पण तेव्हापासून तो माझ्याशी एकदाही भांडलेला नाही. लहानपणी आंब्याच्या कोयीवरून डोकं फोडायला निघणारा हा! आता माझ्या नवऱ्याशी फोनवर कुजबुजतो आणि मला नुसतं 'हो ताई'. इतकं गोड माणसं कुणाशी बोलतात, ते मी वॉर्डात पाहिलंय. आजार उलटलाय आणि हे लपवतायत, अशी माझी खात्रीच झाली.

अमळनेरहून गाडी धरली. सणाला जाणार असाल तर तिकीट आधी काढा आणि सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरा, सुनीलचं लिंबायत तिथून जवळ. त्या उपचारानंतर मला ऊन सोसत नाही आणि तोंड कायम कोरडं, म्हणून पूर्ण बाह्या, पाणी आणि डोळ्यांचे थेंब सोबत. सुनील घ्यायला आला होता. रिक्षावाल्याने भाडं दुप्पट सांगितलं, तर मी मुद्दाम त्याचीच बाजू घेतली. सुनीलने मुकाट्याने मान डोलावली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

सकाळी लोचो, म्हणजे सुरतेचा हरभऱ्याच्या डाळीचा मऊ वाफवलेला नाश्ता, खायला गेलो. गाडीवरचा वाफाळता लोचो चुकवू नका. माझा बिनमिरचीचा त्याने आधीच सांगून ठेवला होता. मी म्हटलं, यापेक्षा आपली भजी बरी. अर्धं आयुष्य सुरतेत काढलेला माणूस म्हणाला, "हो ताई." मग मात्र माझा तोल गेला.

"माझा आजार परत आलाय ना? खरं सांग."

तो दचकला. नाही म्हणाला. मग खाली बघत अहिराणीत बोलला, "मनं रगत तुले तरास देस, ताई. डॉक्टर सांगे ना, ते तुना आंगशी भांडस. मी बी भांडनू ते आखो वाढी जाई."

म्हणजे माझे डोळे, तोंड, कातडी, सगळं त्याने स्वतःच्या माथी घेतलं होतं, आणि आपणही भांडलो तर ते आणखी वाढेल असं धरून बसला होता. मला विचारायची भीती, म्हणून नवऱ्याला विचारायचा. मला रडूच आलं. त्याच्या पेशी माझ्या शरीराला परकं समजतात, एवढंच समजावायला डॉक्टरांनी 'भांडण' हा शब्द वापरला, आपल्या भांडणाशी त्याचा काही संबंध नाही, हे त्याला सांगता सांगता लोचो गार झाला.

दुपारी भावजयीने खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस केला. शेवटची कोय मी उचलली. सुनील नुसता बघत राहिला.

आता घरी आहे. डोळे कोरडेच, तपासण्या चालूच, आणि अंगावर निळा डाग दिसला की अजूनही संशयाने बघते. परवा फोनवर म्हटलं, लोचो म्हणजे बिघडलेला खमण. सुनील तावातावाने भांडला, माझी अक्कल काढली आणि फोन आपटला.

मला फार बरं वाटलं.