मुनीमजींचं लंघन

दीक्षितपुऱ्यात इंदिराकाकूंच्या दारातून कुणी उपाशी गेलं, असं सांगणारा माणूस अजून जन्मायचाय. विजेचं मीटर बघायला आलेल्याच्या हातातही त्या आधी पोह्यांची बशी ठेवत, मग मीटर दाखवत. लोक हसत. हसणाऱ्यांचं काय जातं? माहेरी सिहोऱ्याला अर्ध्या भाकरीवर झोपलेली पोर पुढं जन्मभर दुसऱ्याची ताटं भरत बसली, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

नवरा कारखान्यातून रिटायर झाला आणि लवकरच गेला. मुलगा प्रतीक फौजेत. घरात काकू, बँकेत नोकरी करणारी सून मेघा आणि मेघानं आणलेला ससा. दिवसभर पान चघळणाऱ्या मुनिमासारखं तोंड हलवत बसायचा, म्हणून काकूंनी नाव ठेवलं मुनीमजी.

"नुसतं गवत काहून घालते त्याला? कैदी आहे का तो?"

"आई, त्याला गवतच लागतं."

"अच्छा, अन् मी काय माती चारून राहिली?"

मेघा पिंजऱ्यात गवत भरून ठेवे. ती बँकेत गेली की मुनीमजींना बिस्किट मिळे.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. घर माणसांनी भरलं. पिंजरा बैठकीत, सगळ्यांना दिसावा म्हणून. पोरं कान ओढत होती, आरतीला झांजा कानठळ्या बसवत होत्या, आणि मुनीमजी कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. नैवेद्य झाला. गायीचं पान वाढून काकू दारात उभ्या राहिल्या, पण रोज येणारी गाय नेमकी त्या दिवशी फिरकली नाही. गायीचा घास परत चुलीशी कसा न्यायचा? काकूंनी विचार केला, गवत खाणारं तेही, गवत खाणारं हेही. पुरणपोळी, भात, वर तूप. सगळं पिंजऱ्यात गेलं.

सकाळी ससा पाठ फुगवून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले, दात करकरा वाजत होते. कोथिंबीर पुढं केली तर मान फिरवली. काकूंनी निदान केलं, पोट जड झालंय. त्यावर घरचा इलाज ठरलेला, लंघन. प्रतीकचं प्रत्येक अजीर्ण त्यांनी असंच बरं केलं होतं. त्यांनी पिंजऱ्यातली गवताची काडीसुद्धा उचलली.

दुपारी मेघा जेवायला आली. पिंजऱ्याचा ट्रे बघून थबकली.

"आई, ट्रे तुम्ही साफ केला?"

"नाही बा. मला वाटलं तूच करून गेली."

कुणीच केला नव्हता. आदल्या रात्रीपासून एक लेंडी पडली नव्हती.

शेजारच्या बंडूची ऑटो निघाली ओमती मोहल्ल्यातल्या दवाखान्याकडे. वाटेत सगळं ऐकून त्याला राहवलं नाही. "काकू, सशाला तूप? आमच्या पोळीवर तर कधी बोटभर पडलं नाही."

"बंडू, गाडी चालव."

जनावरांची डॉक्टरीण तरुण होती, हिंदी बोलणारी. तिनं पोट चाचपलं, एक्स-रे काढला, अडकलेलं काही नव्हतं. मग विचारलं, "क्या खिलाया था?"

काकूंनी मान खाली घातली. "गाय का हिस्सा."

डॉक्टरीण हसली नाही. सशाचं आतडं काडीकाडीनं आत येणाऱ्या गवतावरच चालतं, तिनं सांगितलं. गोड आणि पिठाचं आत गेलं की गॅस धरतो. गोंगाटानं, भीतीनंही ते मंदावतं. दुखलं की ससा खात नाही, खाल्लं नाही की आतडं आणखी थांबतं. "और माताजी, खरगोश को भूखा कभी नहीं रखते."

दुखण्याचं इंजेक्शन झालं, सलाईन टोचलं. गवताची भुकटी कालवून पिचकारीनं पाजायला दिली. रात्र निभावली तर बरं, म्हणाली.

परतताना ऑटोत काकूंनी ससा पदराखाली घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे खाऊ घातलं तेही चुकलं, अन् नाही घातलं तेही."

त्यांना बोल लावायला सगळे तयार. ज्यानं ससा विकला, त्यानं सोबत पिंजरा दिला, रंगीत दाण्याचं पाकीट दिलं, पण गवताचा ग काढला नाही. त्याला कुणी समोर बसवून समजावलं नाही.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. मुनीमजी मागच्या खोलीत, पडदा ओढलेला. पोरांना काकूंनी अंगणातच अडवलं. झांजा कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली.

पलीकडची सुखदा कुरकुरली. "एका सशासाठी देवीची आरती मुक्यानं?"

"देवीला ऐकू येतं. ह्याला जास्त येतं." काकूंनी तिला कुंकू लावलं आणि काही खाऊ न घालता उंबऱ्यावरूनच निरोप दिला. त्यांच्या दारात हे पहिल्यांदा घडत होतं. सुखदा तोंड वाकडं करून गेली.

रात्रभर सासूसुना आळीपाळीनं उठल्या. मेघा ससा टॉवेलात धरी, काकू ओठांच्या कडेनं थोडं थोडं पाजत. अर्धं त्यांच्याच पदरावर सांडे.

सकाळी मेघा दात घासत होती, तर काकू तळहात पुढं करून आल्या. त्यावर वाकड्यातिकड्या, बारीक, वाळक्या लेंड्या.

"बघ," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं मुनीमजींनी गवताची एक काडी ओढली. मग दुसरी. काकू शेजारी जमिनीवर बसल्या होत्या. अजून घे, असं ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. बोलल्यानं तो दचकला असता.