सिस्टरबाई खाली बसली

पोरगं उठून नव्हतं राहिलं. सकाळी रोवणीले जाच्या आधी मी त्याले जायफळ उगाळून चाटवलं होतं, झोपून राहावं म्हणून. माया मायनं सांगतलं होतं, सहाणीवर दोन वळसे, जास्त नाई. पण आदल्या दिवशी ते बांधावर इतकं रडलं का मले चारदा चिखलातून वर यावं लागलं. संगच्या बाया म्हणे, "काहून वो, तू धान रोवून राहिली का पोरगं?" सगळ्या हासल्या, मीबी हासली. दुसऱ्या दिवशी वळसे मी मोजलेच नाई.

दुपारी दूध पाजाले उचललं तं मान लटकली. पायाले चिमटा घेतला, तरी रडलं नाई.

घरवाला नागपूरले कामावर. गाडी होती भासऱ्याकडे, म्हणजे घरवाल्याच्या मोठ्या भावाकडे. आमच्यात सून भासऱ्यासमोर तोंड उघडत नाई. लग्नाले दोन वर्षं झाले होते, मी त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. गाडीवर मधात कपड्याची पिशवी ठेवली, पोराले छातीशी धरलं न् मागं बसली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं पोराच्या डोळ्यात बॅटरी मारली. "काय दिलं याला?"

"काही नाई साहेब," भासरे म्हणे. "घरी तं सगळं बराबर आहे."

"आईला विचारतोय मी."

मी भिंतीकडे तोंड करून बेंचाच्या खाली, फरशीवर बसली होती. पदर नाकापर्यंत. त्यांच्यासमोर बोलाचं कसं, आन् बोलाचं तं हेच बोलाचं? सासू म्हणन, पोराले मारत होती. मले माहेरी धाडतीन न् पोरगं ठेवून घेतीन. आन् नाई सांगतलं तं पोरगंच नाई राहाचं. मी मुंडी अजून खाली घातली.

"ही लपवते काहीतरी," डॉक्टर सिस्टरबाईले म्हणे. "फवारणीचं औषध तर नाही ना गेलं पोटात? हिला विचारा लवकर, नाहीतर मला भंडाऱ्याला पाठवावं लागेल."

सिस्टरबाई पोराले घ्याले आली. माये हात सुटेच ना. तिनं एकदा ओढलं, मग सोडून देलं. मले वाटलं, आता मारते. पण ती खाली फरशीवर बसली, मायाजवळ, गुडघ्याले गुडघा लावून. पाठ भासऱ्याकडे केली, तं ते मले दिसेनासे झाले. पदर तिनं उचलला नाई. आपलीच मान इतकी वाकवली का तिचं तोंड माया पदराखाली आलं. एका हातानं पोराचे तळवे चोळे. दुसरा हात तिच्या मांडीवर उघडाच होता.

"मायाकडे नको पाहू," हळूच म्हणे. "पोराकडे पाहून सांग."

मी तिचा तो हात धरला न् तळव्यावर बोट फिरवलं, गोल गोल.

"उगाळून देलं?"

मी मुंडी हालवली.

"काय, जायफळ? किती?"

माया बोट फिरतच राहिलं. थांबेच ना. तिनंच मग मूठ बंद केली न् उठून डॉक्टरले सांगतलं.

सलाईन लावलं. डॉक्टर म्हणे, "आता वाट पाहायची." भासऱ्यानं सगळं ऐकलं होतं. त्यांनी खुर्ची उचलली, दाराशी नेली न् बाहेर तोंड करून बसले. मले वाटलं, झालं, आता हे माया तोंडबी नाई पाहाचे. काही वेळानं दाराच्या चौकटीले म्हणे, "पोराच्या मायनं चहा घ्यावा." तिथं दुसरं कोणीच नव्हतं. पाहते तं पिशवीजवळ कप ठेवला होता. त्यावर साय आली होती.

सांजेले पोरगं रडलं. जे रडणं बंद कराले मी जायफळ उगाळलं, तेच ऐकाले दिवसभर कान लावून बसली होती.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. सासूनं अंगणातच विचारलं, "काय झालं होतं बाप्पा याले?" भासरे सरळ घरात गेले. चुलीजवळच्या फळीवर सहाणीपाशी जायफळ होतं, ते उचललं, शर्टाच्या खिशात टाकलं न् बाहेर गेले. तवा मी पदरातून पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं, पाठमोरं.

ते कोणाले सांगतीन का नाई, मले अजून माहीत नाई. पोरगं जास्त वेळ झोपलं का मी अजूनबी त्याच्या पायाले चिमटा घेते.