रुक्माआत्याची हरकत

रुक्माआत्या आधी मेंढराला पाणी पाजायची, मग स्वतः प्यायची. एकदा लग्नाच्या मांडवातही तिने मेंढी नेली आणि नवरदेवाचा मामा रुसून बसला. "मेंढराला फसवता येत न्हाई, माणसाला येतंय," म्हणून तिने त्यालाच गप्प केलं.

ती आमची शेजारीण. घरातला पहिला पदवीधर मी. पण कॉलेजला निघालो तेव्हा माझी पेटी डोक्यावर घेऊन मानवतच्या एसटी स्टँडपर्यंत तीच आली होती.

पुढे मी कनिष्ठ अभियंता झालो आणि नेमका शहराच्या सांडपाण्याचा शुद्धीकरण प्रकल्प आमच्याच गावच्या गायरानावर ठरला. गाव खवळलं. समजूत काढायला साहेबांनी मलाच पाठवलं. सभेत मी तक्ते दाखवले, "धोका नाही" असं तीनदा म्हणालो.

"दत्त्या, तुझ्या तक्त्यातलं पाणी माझी चंद्री मेंढी पेईल का?" आत्याने विचारलं.

"पेईल की!"

"मग चल, पाजून दाव."

असाच प्रकल्प चालू असलेल्या दुसऱ्या गावी आम्ही दोघं, आमचे सरपंच आणि निम्मं गाव टेम्पोतून गेलो. चंद्री आदल्या दुपारपासून तहानलेली. तिने शुद्ध केलेलं पाणी हुंगलं, शिंकली आणि सरळ तोंड फिरवलं. एकच जल्लोष! "झाला निकाल, प्रकल्प रद्द!" सरपंच ओरडले.

"काय वरडायलाव रे?" आत्या म्हणाली. "परक्या पाणवठ्यावर मेंढरू पैल्या दिवशी तोंड लावत न्हाई. उद्या बघू."

"आत्ये, तू हायस तरी कुणाच्या बाजूची?" सरपंचांनी विचारलं.

"चंद्रीच्या. तुमी जावा घरी."

आम्ही दोघं तिथेच मुक्कामाला राहिलो. सकाळी चंद्री घटाघटा प्यायली. मी हरखून वही काढली. "मग लिहू ना आत्या, हरकत नाही म्हणून?"

"हाय की हरकत! पाणी बरं हाय, तेबी लिही. पर गायरान तुमी घेतल्यावर माझी मेंढरं चरायची कुठं? त्याचा तक्ता कुठाय?"

तसा तक्ता आमच्याकडे नव्हताच. वासाबद्दल, डासांबद्दल, रोगराईबद्दल आम्ही घरोघर विचारलं होतं. चाऱ्याबद्दल कुणालाच विचारलं नव्हतं.

तिची हरकत मी तिच्याच शब्दांत लिहून दिली. साहेब म्हणाले, "भाषा सुधारा." मी नाही सुधारली. वर्षभर कागद फिरले आणि शेवटी प्रकल्प शहराच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर गेला. आज तो तिथे चालू आहे.

गेल्या श्रावणात आत्या गेली. तिला घेऊन आम्ही गायरानातून निघालो, तर वाटेत मेंढरं चरत होती. हाकललं तरी हलेनात. खांदेकरी वैतागले.

सरपंचच म्हणाले, "थांबा जरा. चरू द्या."

आम्ही थांबलो.